खाली म्हैस असते

सकाळी कोल्हापूरच्या स्टेशनात उतरलो तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातानं सुधाला धरलं होतं आणि खिशात ब्लॉकमालकांचं पोस्टकार्ड होतं. सुधा, माझी बायको, विषमज्वरातून उठून तीन महिने झाले होते. ताप गेला तो जाताना तिची भूकही घेऊन गेला. अर्धी पोळी म्हणजे डोक्यावरून पाणी. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर हवापालट करून बघा. नाहीतर पुन्हा इस्पितळात ठेवावं लागेल." म्हणून मी रजा काढली आणि एका ओळखीतून रंकाळ्याजवळचा ब्लॉक महिन्यासाठी भाड्यानं ठरवला. कार्डावर लिहिलं होतं, 'दोन खोल्या, गॅलरी, नळ. खाली म्हैस असते.' शेवटचं वाक्य मी मालकांची गंमत समजून सोडून दिलं होतं.

ती गंमत नव्हती. टांगा एका नव्याकोऱ्या दुमजली इमारतीसमोर थांबला, तर जिन्याच्या तोंडाशीच पाठीपर्यंत वळलेल्या शिंगांची म्हैस उभी. शिंगांना हुरमुंज (तांबडा रंग) लावलेला. आम्ही तिच्याकडे बघत उभे, ती आमच्याकडे.

"या की पावणं! भिऊ नगासा, बिजली हाय ती. वळख करून घ्यायली!" मागून आवाज आला. हे बाबूराव, आमचे मालक. मिशा भरघोस आणि आवाज तीन गल्ल्या ओलांडणारा. शहर वाढत वाढत त्यांच्या शेतापर्यंत आलं, तेव्हा त्यांनी शेतात इमारत उभी केली. पण म्हैस विकायला त्यांच्या पत्नी, आक्का, काही केल्या तयार झाल्या नाहीत. म्हणून वर ब्लॉक आणि खाली गोठा.

मी चावी मागितली. आक्का म्हणाल्या, "चावी कुटं पळून जातीया? आदी जेवा."

जेवायला बसलो. भाकरी, झुणका, ठेचा आणि वाटीभर सायीचं दही. मी नेहमीप्रमाणे सुधाच्या ताटावर नजर ठेवून होतो. "चार घास झाले. अजून दोन. चावून खा." आक्कांनी परात बाजूला ठेवली आणि सरळ मला सुनावलं, "पावणं, त्यांच्या तोंडाकडं बगू नगासा. असं कुणी घास मोजाय लागलं तर माझ्या बी घशाखाली उतरायचा न्हाय!" मला राग आला. तीन महिने रात्रीचा दिवस केला होता मी, आणि ही बाई पहिल्याच जेवणात मला शहाणपण शिकवणार! पण चावी अजून त्यांच्याकडे होती, म्हणून गप्प बसलो.

तो भाग भलताच सुशेगाद. दुपारी सगळी गल्ली झोपायची, अगदी कुत्रीसुद्धा. दारं मात्र सताड उघडी. मी मुंबईच्या सवयीनं आमचं दार लावून घेतलं, तर पाच मिनिटांत शेजारच्या दोन बायका जिना चढून आल्या, "वैनींस्नी बरं न्हाय काय?" तेव्हापासून आमचंही दार उघडं राहिलं आणि त्यातून कधी कोथिंबीर, कधी पांढऱ्या रश्श्याचं पातेलं आत यायला लागलं. मिसळीच्या तर्रीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. रोज संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर भडंग घेऊन बसायचो. पाण्यात म्हशी डुंबायच्या, आणि त्या म्हशींकडे बघताना सुधा दोन-चार जास्त चिमट्या खायची. मी मनात मोजायचोच.

दहाव्या दिवशी आक्का लेकीच्या बाळंतपणाला मलकापूरला गेल्या. त्याच संध्याकाळी खाली आरडाओरडा झाला. बिजलीला आक्कांच्या हाताची सवय. दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडेना. बाबूरावांनी रीतीप्रमाणे उपाय केला. आक्कांचं वापरातलं लुगडं धोतरावरून नेसले, डोक्यावरून पदर घेतला आणि चरवी (दुधाचं पितळी भांडं) घेऊन बसले. बिजलीनं पदर हुंगला, खाली मिशा दिसल्या, आणि एका लाथेत चरवी उकिरड्यावर.

माझ्या शेजारी कुणीतरी हसलं. बघतो तर सुधा! गॅलरीचा कठडा धरून, डोळे पुसत हसत होती. तीन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मलाच भरून आलं.

"हसतायसा काय वैनी? या की खाली!" बाबूराव ओरडले.

आणि ती गेली! आक्कांचं लुगडं नेसून बसली आणि चरवीत धारेचा आवाज घुमू लागला. सुधाचं माहेर निफाडकडचं. लहानपणी ती धार काढायची, हे लग्नाला आठ वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं.

मग रोज दोन वेळा ती खाली जाऊ लागली. मला काळजी. आजारातून उठलेली बाई, आणि ते शेणामुताच्या वासाचं लुगडं! एका दुपारी ती झोपली असताना मी ते खुंटीवरचं काढलं, साबणाच्या गरम पाण्यात भिजवलं आणि चांगलं घासून वाळत घातलं. स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी बिजलीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. रेडकू लावून बघितलं, पेंड ठेवून बघितली. थेंब नाही. दारात दुधासाठी तांबे घेऊन बायका ताटकळलेल्या. बाबूरावांनी लुगडं नाकाला लावलं आणि कपाळावर हात मारला. "पावणं, काय केलंसा ह्ये! आक्काचा वासच धुवून टाकलासा की!" बिजली अशीच अडून बसली तर आटायची, असं ते सांगत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुधानं ते धुतलेलं लुगडं माझ्या हातात दिलं. स्वतःच्या साध्या पातळाचा पदर खोचला आणि बिजलीच्या मानेशी जाऊन उभी राहिली. गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत हळूच म्हणाली, "रुसलीस होय? मीही रुसले होते गं. तीन महिने. पुरे आता." मग ती खाली बसली आणि पहिली धार चरवीवर वाजली. गल्लीतल्या बायकांनी एकच गलका केला.

त्या रात्री तिनं स्वतः भाकरी मागून घेतली, वर पुन्हा मागितली.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आक्का परतल्या. बिजलीनं त्यांना हुंगलं आणि सुधाकडे मान वळवली. "बया! ब्लॉक भाड्यानं दिलता, म्हैस न्हाय दिलती!" आक्का म्हणाल्या, आणि सुधाला पोटाशी धरलं. जाताना सुधानं आपलं न धुतलेलं पातळ त्यांच्या खुंटीला अडकवलं.

मुंबईत आल्यावर महिन्याभरानं बाबूरावांचं कार्ड आलं. मी जेवताना मोठ्यानं वाचलं. 'आक्का आता वैनींचे पातळ नेसून धार काढते. बिजली खुशीत आहे. पातळ विरत चालले आहे. नवे चार दिवस नेसून मग घेऊन यावे, पण धुवू नये.' सुधा हसता हसता ठसकली. मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पोळ्यांचा डबा उघडला तर तळाला फक्त फडकं होतं, आणि तिनं किती खाल्ल्या ते मोजायचं माझं राहूनच गेलं होतं.