रिकाम्या खोक्याचा जबाब

ती घटना आठवली की आजही मला चोराच्या आधी स्वतःचा राग येतो.

तेव्हा मी कर्जतला सहायक निरीक्षक होतो. पळसदरीच्या धरणाजवळ मुंबईच्या एका गृहस्थांचं फार्महाउस होतं. तिथून टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन चोरीला गेलं. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली राखणदार बाईकडे. बाई डोंगरपायथ्याच्या आदिवासी वाडीतली, विधवा. मालकाच्या आवारातल्याच एका खोलीत राहायची. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार होतं.

फिर्याद लिहिताना मालक अडून बसले. "किंमत आजची लिहा. मी घेतलं त्याहून आता नवं महाग झालंय."

वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, एवढंच आम्हाला ठाऊक. किमतीची जागा मी तात्पुरती कोरी ठेवली.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. बाईने परवा टेंपोत एक गोणी चढवली म्हणे. झालं! भर दुपारी, चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांदेखत, मी बाईला जीपच्या मागच्या बाकावर बसवून ठाण्यात आणलं. गोणीत शेवग्याच्या शेंगा निघाल्या, तरी माझा संशय हटेना. दोन दिवस महिला हवालदारासमोर विचारपूस केली. सूर्यास्ताआधी घरी सोडायचं, सकाळी पुन्हा बोलवायचं. बाईचं एकच उत्तर, "म्या नाय घेतलं, सायेब." मी टेबलावर हात आपटला. मालक फोनवरून म्हणाले, "दोन कानाखाली द्या, बोलेल." तेवढं मात्र मी केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मशीनचा विषयच सोडला. आमच्या एका जुन्या हवालदाराने शिकवलेला प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात त्या घरातून काय काय बाहेर गेलं? केरकचऱ्यासकट सांग."

बाई बोटांवर मोजत सांगू लागली. "बाटल्या गेल्या. पालापाचोळा गेला. आन् त्या मशीनचं रिकामं खोकं गेलं, आयतवारी. मालकांच्या मेव्हण्यांनी माळ्यावरनं काढलं. मीच गाडीत नेऊन ठेवलं."

"आणि मशीन?"

"मशीन हुतं की टीवीखाली. बुधवारी गेलं त्ये."

"खोकं नीट कसं काय आठवतं तुला?"

"मी मागितलं हुतं ना! कोंबडी अंड्याव बसवाया. तर म्हनले, ह्या खोक्यालाच भाव हाय. दिलं नाय."

"अगं बाई, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी खोक्याचं कवा इचारलंत?"

आरोपी ठरवून प्रश्न विचारले की उत्तरंही तेवढ्यापुरतीच मिळतात.

मेव्हण्याला मी चौकशीला म्हणून बोलावलंच नाही. "साहेब, आम्हाला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, पंचनाम्यात किंमत काय लिहू?" असं म्हणून चहा मागवला. गडी खुलला. नव्याचे दर वाढत चाललेत, पण नवं मॉडेल आलं की जुन्याला कुत्रं विचारत नाही, म्हणून भाव आहे तोवर विकलेलं बरं, असं सगळं त्याने समजावून दिलं.

"नुसतं मशीन विकलं तर?"

"निम्मेसुद्धा येत नाहीत. खोकं आणि बिल बरोबर हवं."

"ते खोकं तर तुम्ही रविवारीच नेलंत."

त्याने कप खाली ठेवून दाराकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला आधी खोकं आणि त्यातलं बिल दाखवलं, मग बुधवारी मालकांच्या घरातल्या दुसऱ्या किल्लीने मशीन काढलं, आणि तो निनावी फोनही त्यानेच केला, हे तासाभरात बाहेर आलं. "जिजू कुठे खेळतात त्याच्यावर? पडून पडून भंगारच झालं असतं," असं वर मलाच ऐकवलं.

मशीन कुंभिवलीच्या एका दुकानातून पुढे विकलं गेलं होतं. ते हस्तगत करायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत गावात बाईला चोरच म्हणत होते. मुद्देमाल हाती येईपर्यंत ती निर्दोष आहे हे चारचौघांत सांगायची माझी छाती झाली नाही. ती लाज अजून आहे.

मग शेवटच्या जबाबासाठी ती ठाण्यात आली, तेव्हा मी तिला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवून पळसदरीला नेलं. तीच दुपारची वेळ, तीच टपरी. तिथे गाडी थांबवली आणि मोठ्याने सांगितलं, "ह्या बाईंनी काही घेतलेलं नाही. चूक माझी होती." टपरीवाल्याने न सांगता तिच्यासाठी चहा आणला. मालकांनी तिला कामावर राहा म्हटलं. तिने खोलीतली भांडी उचलली आणि वाडीवर भावाकडे निघाली.

मशीन पुढे कोर्टाच्या आदेशाने सुटलं, पण मालक न्यायला आले नाहीत. "नवं घेतलं हो, ते आता कोण घेतो?" म्हणाले. उशीर झाला की वस्तूची किंमत उतरते. उशिरा मागितलेल्या माफीचंही तसंच असतं, हे मी त्या बाईकडून शिकलो.

कारण तिला टपरीवर नेलं त्या दिवशी ठाण्यातून निघताना मी कागदांच्या गठ्ठ्यांचं एक रिकामं खोकं जीपमध्ये टाकलं होतं. वाडीच्या वाटेवर ते तिच्यापुढे धरून म्हटलं, "घ्या, कोंबडीसाठी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"सायेब, कोंबडी टोपलीत बसवली कवाच. पिल्लं बी निगाली."