न मोजलेले पाय

जानराव आमच्या अकोल्याच्या शाळेत क्लार्क होते आणि मी तिथे ड्रॉइंग शिकवायचो. आम्हा सहा शिक्षकांना डोंगरांचं वेड होतं. नाताळची सुट्टी लागली की आम्ही अकोटच्या पुढे शहानूरला जायचो, तिथून नरनाळा किल्ला चढायचो आणि वर तलावाच्या काठी राहुटी ठोकून दोन दिवस राहायचो. जानरावांना दमा होता, त्यामुळे ते कधी आले नाहीत. पण दर डिसेंबरात ते आम्हा सहा जणांसाठी काहीतरी भेट आणायचेच.

छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्याकडे दिवाळी बंद झाली होती. देण्याची हौस मात्र राहिली होती, ती त्यांनी आमच्या सहलीकडे वळवली. माणिकबाई चढताना नेहमी मागे पडायच्या, म्हणून एका वर्षी त्यांना शिट्टी मिळाली. खुशालरावांचे कान थंडीत ठणकायचे, त्यांना आतून फलालीन लावून घेतलेली कानटोपी. चित्र काढायला बसलो की खालचे दगड टोचतात, असं मी कधीतरी सहज बोलून गेलो होतो. मला मिलिटरीच्या जुन्या सामानातली, गुंडाळून नेता येईल अशी जाड बैठक मिळाली. आम्ही मधल्या सुट्टीत काय बोलतो ते जानराव महिनाभर आधीपासून ऐकत असायचे, मग चार-चार दुकानं हिंडायचे. वस्तू वापरात आली पाहिजे, नाहीतर देण्यात काय मतलब, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकसष्ट साली त्यांनी सगळ्यांना किरमिचाचे बूट द्यायचं ठरवलं. एका दुपारी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत खाकी कागद अंथरले, आम्हाला एकेकाला अनवाणी उभं केलं आणि पेन्सिलीने पायांचे आकार काढून घेतले. माणिकबाई लाजल्या, तर त्यांचा आकार त्यांनी स्वतःच काढायचा असं ठरलं. जानरावांनी प्रत्येक कागदावर बारीक अक्षरात टिपून ठेवलं, कोणाचा अंगठा मोठा, कोणाची टाच चपटी.

तेव्हा खुशालराव म्हणाले की यंदा पुंजाजीबाबांनाही द्या. पुंजाजीबाबा म्हणजे शहानूरचे गुराखी, वय साठीच्या आसपास. दर वर्षी तेच आम्हाला वर न्यायचे, काट्याकुट्यातून, अनवाणी. जानरावांना ते एकदम पटलं. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं कसं नाही, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते सात जोड घेऊन आले. सहा जोड कागदाबरहुकूम होते. सातवा त्यांनी अंदाजाने आठ नंबरचा घेतला होता. बसतील, म्हणाले. आमच्यापैकी कोणीच काही विचारलं नाही.

त्या वर्षी ते स्वतः शहानूरपर्यंत आले. पुंजाजीबाबांच्या अंगणात त्यांनी सगळ्यांना बूट वाटले. बाबांचा जोड शेवटी काढला, आणि ते बाबांच्या पायाशी बसले. बाबा मागे सरकत होते, पण जानरावांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात बूट चढवले, नाड्या आवळून बांधल्या. शेजारपाजारचे लोक बघायला जमले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या. बसले का, असं जानरावांनी विचारलं, आणि बाबांनी मान हलवली.

जानराव गावातच थांबले, आम्ही वर गेलो. बाबा त्या वेळी हळू चालत होते. मी विचारलं तर म्हणाले, नवी वस्तू हाय, सवय होईल. तिसऱ्या दिवशी उतरताना महाकाली दरवाज्याच्या खाली त्यांचा पाय दगडावरून निसटला आणि ते पुरुषभर खोल घळीत पडले. घोटा लगेच सुजला. बूट निघेना, म्हणून खुशालरावांनी चाकूने तो कापून काढला. आतली बोटं सोलून निघाली होती, रक्त सुकून किरमिचाला चिकटलं होतं. घोट्याचं दुखणं त्या दिवसाचं होतं, पण बोटांचं तीन दिवसांचं. त्या पायावर पूर्वी कधीतरी कुऱ्हाड बसली होती. तीन बोटं वाकडी होऊन बाजूला पसरली होती, आणि तसा पाय आठ नंबरात मावणं शक्यच नव्हतं. मी चार वर्षं त्या पायांच्या मागे चाललो होतो. माणसांचे पाय कसे काढावेत हे मी मुलांना शिकवायचो, आणि तो पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

राहुटीचं कापड दोन बांबूंना बांधून आम्ही त्यांना खाली आणलं. जानराव वेशीवर उभे होते. बाबांचा पाय बघून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आधी का सांगितलं नाही, काढून का टाकले नाहीत, असं ते परत परत विचारत राहिले.

"तुमी आपल्या हातानं घातले, बाबूजी," पुंजाजीबाबा म्हणाले. "चार लोकायसमोर. कसा काढू?"

मग त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं. त्यात राग नव्हता, खरोखरच त्यांना समजून घ्यायचं होतं.

"या लोकायचे तं सगळ्यायचे बराबर बसले. माह्येच काऊन नाई बसले?"

पायांचे कागद जानरावांच्या पिशवीत होते, सहाच्या सहा. जानराव तिथेच धुळीत खाली बसले.

बैलगाडीने बाबांना अकोटच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. आम्ही अकोल्याला परतलो, जानराव मात्र रजा टाकून पंधरा दिवस बाबांच्या घरी राहिले. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

जानराव मूळचे बार्शीटाकळीकडचे. ते लहान असताना त्यांच्या वडिलांना दर दिवाळीला पाटलाच्या घरून एक जुना कोट मिळायचा. वडील अंगाने थोराड होते. कोटाच्या बाह्या कोपराखाली यायच्या नाहीत, पाठीवर शिवण उसवायची. तरी वाड्यासमोर जाऊन तो अंगावर घालून दाखवावा लागायचा, हात जोडावे लागायचे. त्यांच्या मापाचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. जानराव ते बघून घरी येऊन रडायचे. शिकल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपण कोणाला द्यायचं तर माणूस बघून द्यायचं.

हे सगळं त्यांनी पुंजाजीबाबांना सांगितलं. सांगितलं की मन हलकं होईल, असं त्यांना वाटलं होतं. बाबांनी खाटेवर पडल्या पडल्या पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग तुमाले माईत होतं," ते म्हणाले.

एवढंच. "त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," जानराव मला म्हणाले.

बाबांचा पाय जुळला, पण लंगडणं राहिलं. किल्ल्यावर येणं बंद झालं, त्यांची सून जाईबाई आम्हाला वर नेऊ लागली. जानरावांनी भेटी आणणं सोडलं. कोणी विषय काढला तर ते उठून जायचे. मात्र पुढच्या डिसेंबरात ते परत शहानूरला आले, रिकाम्या हाताने. बाबांच्या समोर उभे राहून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे.

बाबा म्हणाले, "मले अकोटले बहिणीकडे जायचं हाय. माह्या गाई राखसाल का एक दिवस?"

जानरावांनी जन्मात गुरं राखली नव्हती. धुळीने त्यांचा दमा उसळायचा. तरी ते हो म्हणाले, आणि मग दर वर्षी जात राहिले, अडुसष्ट सालापर्यंत. तोंडाला पंचा बांधून ते नाल्याच्या काठाकाठाने गाईंच्या मागे फिरायचे.

बाबांनी त्यांना माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. जानरावांनी कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. एका वर्षी आम्ही गड उतरून आलो तेव्हा बाबा नुकतेच अकोटहून परतले होते. जानरावांनी बावीस गाई आणून उभ्या केल्या होत्या. सगळ्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. बाबा काठी टेकत पुढे झाले आणि एकेका गाईच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी त्या पहिल्यापासून पुन्हा मोजल्या. तोवर जानराव बाजूला मान खाली घालून उभे होते.