काशीत सोडलेली काळजी

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडायची असते, आणि तिथे जाणारे बहुतेक लोक नावडती भाजी सोडून परत येतात. सिल्वासाजवळच्या सामरवरणीच्या प्रभाकर पाटलाने कारलं सोडलं. उभ्या आयुष्यात त्याने कारलं तोंडात घातलेलं नव्हतं, त्यामुळे हा त्याग त्याने अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने केला.

मग त्याच्या बायकोचा नंबर आला. मंजुषा सीताफळ सोडणार होती. सीताफळ तिला खरोखर आवडायचं, आणि वापीहून निघालेल्या गाडीत दीड दिवस बसून तिने मनातल्या मनात त्याचा रीतसर निरोपही घेतला होता. पण घाटावरच्या पंड्याने "माताजी क्या छोड़ेंगी?" असं विचारलं आणि ती तोंड उघडणार, तेवढ्यात प्रभाकर म्हणाला, "हिला सगळ्यात जास्त चिंता आवडते, महाराज. तीच सोडवा."

तो गंमत करत होता. पंड्यामागे मात्र अकरा जोडपी ताटकळत होती. त्याने संकल्पात 'चिंता' घातली, मंजुषाच्या ओंजळीत पाणी ओतलं, तिचा हात धरून ते गंगेत सोडायला लावलं आणि पुढच्या जोडप्याला बोलावलं. काय झालं हे तिच्या ध्यानात येईपर्यंत पाणी बरंच पुढे गेलं होतं.

"अहो, हे काय करून बसलात?"

"अगं, मस्करी होती."

"देवाला माहीत आहे का, मस्करी होती ते?"

मंजुषाने सोडलं म्हणजे सोडलं. तिच्या माहेरी, चोपड्याकडे, असल्या बाबतीत पळवाट चालत नसे.

ही बाई काळजीत किती मुरलेली होती ते सांगितल्याशिवाय तिने काय गमावलं ते कळणार नाही. सव्वीस वर्षांपूर्वी प्रभाकरला सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात मशीनवर काम मिळालं आणि ती एका खोलीत संसार मांडायला आली, ती येताना ट्रंकेबरोबर काळजीही घेऊन आली. घराबाहेर पडताना ती गॅस चार वेळा बघायची. कंपनीची बस दहा मिनिटं उशिरा आली की ड्रायव्हरला फोन करायची. एक ड्रायव्हर बदलून जाताना तिचा नंबर पुढच्या ड्रायव्हरला देऊन गेला होता. मधुबन धरणाचे दरवाजे उघडले की ती चोपड्याला बहिणीला सांगायची, "जपून राहा." चोपडा तापीकडचं, धरण दमणगंगेवरचं, दोन्ही नद्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. बहीण मात्र दर पावसाळ्यात "हो, राहते" म्हणायची, कारण वाद घातला तर फोन लांबतो.

या काळजीचा सगळ्यात मोठा वाटा मुलीला, भक्तीला, मिळत होता. भक्ती चोवीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. मागच्या वर्षी तिला बडोद्याला चांगली नोकरी मिळत होती. मंजुषा "जाऊ नकोस" असं एका शब्दाने म्हणाली नाही. तिने फक्त जेवण सोडलं, तिची छाती धडधडायला लागली, डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि भक्तीने कंपनीला नकार कळवला. त्याच दिवशी मंजुषाची छाती शांत झाली. योगायोग असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

काशीहून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी देवळात जायला निघालेली मंजुषा एक पाय रिक्षात आणि एक पाय रस्त्यावर अशी थांबली. गॅस.

"काशीला सोडलीस," प्रभाकर म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

ती रिक्षात बसली. प्रभाकर म्हणाला, "थांब, आलोच," आणि स्वतः वर जाऊन गॅस बघून आला. कोणीतरी बघायला हवंच होतं. पुढच्या महिनाभरात घरातली ती सगळी बेवारस कामं हळूहळू त्याच्याकडे गेली. कुलूप ओढून बघणं, भक्तीची बस कुठवर आली ते विचारणं. नवा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "काका, पेला काकी सारा हता. ते एक बार फोन करता." म्हणजे आधीच्या काकीच बऱ्या होत्या, त्या एकदाच फोन करायच्या.

पण मंजुषाचं आतून काही सुटलं नव्हतं. वरवर गप्प बसायची आणि आत सगळं जुनं दुकान उघडं. शेवटी ती कोंडाबाईंकडे गेली. कोंडाबाई म्हणजे दत्ताच्या देवळातल्या बायकांच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. वय सत्तरीच्या पुढे, शहाद्याकडच्या, टाळ वाजवतानाही सुपारी कातरू शकणाऱ्या.

"मावशी, माझ्या हातून रोज पाप होतंय," मंजुषा म्हणाली. "सोडलीये म्हणते, आणि दिवसभर येतच राहते."

"काय येतं?"

"काळजी."

"मग येऊ दे ना, माय." कोंडाबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "मी काशीले बोरं सोडली, त्याले तीस वर्षं झाली. आजही गाडीवर बोरं दिसली का तोंडाले पाणी सुटतं."

"मग ते चालतं?"

"पाणी माझ्या हातात आहे का? हात माझ्या हातात आहे. बोर उचलायचं नाही, एवढंच. काळजी दारात आली तर तिले हाकलत बसू नको. पण पाट मांडून वाढूही नको."

मंजुषाने हे नीट मनात ठेवलं. मग विचारलं, "आणि ती दारात बसून असते तेव्हा मी काय करायचं?"

"दोन गोष्टी. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचं हाताने एक काम कर. एकच. दहा नाही, दहा केली म्हणजे ती वाढणंच झालं. आणि मग देवाचं नाव घे, बाकीचं त्याच्याकडे. बोरांच्या हंगामात माझा जप दुप्पट होतो. देव म्हणत असेल, म्हातारीची भक्ती वाढली."

मंजुषा हसली, पुष्कळ दिवसांनी. परत येताना तिला वाटलं, हे जमण्यासारखं आहे. अर्थात, तोवर परीक्षा सुरू झालेली नव्हती.

परीक्षा माघात आली. भक्ती सहा दिवस पर्समध्ये एक पत्र घेऊन फिरत होती. पुण्यातली नोकरी, शुक्रवारपर्यंत कळवायचं. सातव्या दिवशी, भांडी घासणाऱ्या आईच्या मागे उभी राहून तिने विचारलं, "आई, तुझं ते काशीचं अजून चालू आहे ना?"

"का?"

भक्तीने सांगितलं. मंजुषाच्या हातातलं पातेलं थांबलं. छातीत ओळखीची धडधड उठली, आणि तिला एकदम, लखलखीत, कळलं की ही धडधड नुसती वाढू दिली तरी पुरे आहे. जेवायचं नाही, पडून राहायचं. पोर शुक्रवारी नकार कळवेल. कोणी तिला नाव ठेवणार नाही. बडोद्याच्या वेळी ठेवलं नव्हतं.

दारात येऊन बसली होती ती. फक्त पाट मांडायचा होता.

मंजुषाने पातेलं विसळलं. पालथं घातलं. मनात दत्ताचं नाव तीनदा घेतलं, मग आणखी तीनदा, कारण पहिल्या तीनचं काही कळलंच नाही. मग म्हणाली, "कधी निघायचं?"

"एवढंच?"

"अजून काय?"

"कुठे राहणार, जेवणाचं काय, ऑफिस किती लांब, सोबत कोण." भक्तीचा आवाज चढला. सहा दिवस खपून तिने चौदा प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. "तुला माझं काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं. सांग तू, मी ऐकते."

भक्तीने ओट्यावर बसून चौदाच्या चौदा उत्तरं म्हणून दाखवली. मंजुषाने ऐकली आणि ताटं वाढली. त्या संध्याकाळी ती दोन भाकरी जेवली. तिसरी गेली नाही, पण दोन गेल्या. आत खोलीतून प्रभाकर विचारत होता, "सोबत कोण म्हणालीस? परत सांग."

हाताने करायचं एक काम म्हणून मंजुषाने काळा मसाला केला. खोबरं आणि खडा मसाला भाजला, कुटला, आणि एक डबा भरला. दुसरा भरायला घेतला होता. तो तिने परत फडताळात ठेवला.

निघायच्या सकाळी तिघं सिल्वासाच्या बस स्टँडवर उभी होती. नाशिकला जाऊन तिथून पुण्याची बस पकडायची होती. प्रभाकरने ड्रायव्हरला त्याचं नाव, गाव आणि बसचे ब्रेक याबद्दल विचारलं. मंजुषाने भक्तीच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली. तिचे ओठ बारीक हलत होते.

"आई, पोचले की फोन करते."

"कर."

"आणि नाशिकलाही करते."

"बरं."

"मधे कुठे रेंज मिळाली तर तिथूनही." भक्तीने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, आणि बस सुटली.

मंजुषा बाकावर बसली. समोर गाडीवर बोरं होती, तांबूस, टपोरी. तिने पावशेर घेतली. पहिलंच बोर तोंडात टाकलं आणि फोन वाजला. बस अजून गावाबाहेरही पडली नसेल.

"आई," भक्तीचा आवाज घाबरा होता. "निघताना शेवटचा चहा मी केला. गॅस बंद केला का गं मी? मला आठवतच नाहीये."

मंजुषालाही आठवत नव्हतं. तिने शेजारी बघितलं. बोलणं अर्धवट ऐकूनच प्रभाकर उठला होता आणि रिक्षाच्या दिशेने जवळजवळ धावत होता.

"पप्पा गेलेत बघायला," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी बोरं खातेय."

पलीकडे भक्ती हसायला लागली, इतकी की शेजारच्या बाईने काय झालं म्हणून विचारलेलं मंजुषाला इकडे ऐकू आलं. मंजुषाने बी हातावर घेतली, पदराने डोळे पुसले आणि दुसरं बोर निवडायला लागली.