अक्काची खिडकी

"डोस्कं वाकीव."

अक्काच्या तोंडून हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील, त्याला गणती नाही. खिडकी दोन वितींची. तिला लोखंडी गज, खाली हात जाईल एवढी फट आणि फटीच्या आत अक्काचा उभा चेहरा. समोर पन्नाशीचा विणकर असो की मिशीला पीळ भरलेला पैलवान, त्याने आधी डोकं गजांना टेकवायचं. अक्का आतून बोटं बाहेर काढी, त्याच्या केसांतून एकदा फिरवी आणि बोटांची टोकं उजेडात धरून बघी. बोटांना कापूस लागला तर पुडी मिळे. नाही लागला तर एकच शब्द येई, "बेड." कानडीत 'नको' म्हणतात तो. बाई मंद्रूपकडची, रागावली की कानडीत शिरायची.

पुडी गांजाची असायची. दचकू नका. ही सत्तरच्या दशकातली, सोलापूरची गोष्ट आहे. तेव्हा जुन्या सवयीच्या माणसाला डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळे आणि परमिटावर ठरावीक वजनाची पुडी सरकारमान्य दुकानातून घेता येई. माणूस सज्ञान हवा, परमिट त्याच्याच नावाचं हवं, वजन जास्त नको, इतकाच नियम. तो पाळला जातो की नाही हे बघायला दारूबंदी खात्याचा एक कारकून महिन्यातून एकदा दुकानात जाई. तो कारकून मी.

नोकरीला नवा होतो आणि नियम तोंडपाठ होते. पहिल्याच भेटीत मी एका माणसाला परत जाताना पाहिलं. परमिट खिशात, अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल, कपाळाला गंध. अक्काने त्याच्या डोक्यावरून बोटं फिरवली आणि "बेड" म्हणून फळी लावली. तो बिचारा निघून गेला.

"अक्का, त्याचं परमिट बरोबर होतं," मी म्हटलं.

"आसंल की."

"मग दिलं का नाही?"

"आंगूळ करून आलाय त्यो. आता मागावर जाणार."

मग मला समजलं. मागावरून सुटलेल्या माणसाच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू बसलेले असतात. कामाच्या पाळीला निघालेला माणूस मात्र न्हाऊनमाखून, तेल लावून स्वच्छ. तेव्हा कापूस असला की पाळी संपली, आता हा घरी जाऊन चिलीम ओढो की आणखी काही करो. कापूस नसला की हा अजून यंत्रापाशी उभा राहायचा आहे. आंघोळ केलेल्या माणसाला दारातून हाकलणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"हे नियमात कुठे लिहिलंय?" मी कायद्यावर बोट ठेवलं.

"तुमच्या नियमात डोस्कं हाय कुटं, सायेब?" अक्का म्हणाली आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "वाकीव."

गिऱ्हाइकं काही सगळीच विणकर नव्हती. एक टांगेवाला यायचा. त्याला विचारायची, "घोडं कुटं हाय?" टांगा रस्त्यावर उभा दिसला की बेड. घोडा सोडून, दाणा-पाणी करून, एकटा चाबूक हातात घेऊन आला तरच पुडी. एक पेन्शनर मास्तर यायचे. ते दुपारी नातवाला शाळेतून आणत. अक्का त्यांना नातू घरी पोचल्यावर या म्हणायची आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यभर पोरांना बाकावर उभं केलं, ते खिडकीसमोर मान खाली घालून उभे राहत. मला हसू यायचं. हसू दाबून मी वजनं तपासायचो.

बाई कधी बसलेली मला आठवत नाही. गिरणीचा भोंगा झाला की आत तिच्या येरझाऱ्या सुरू. बोटं पदराच्या कडेशी चाळा करत राहायची. भोंगा पाळी भरल्याचा असेल तर फळी लावून घ्यायची आणि फळीच्या फटीतून गल्लीत बघत उभी राहायची. पाळी सुटल्याचा असेल तर फळी काढायची. एकदा मी विचारलं, एवढी घालमेल कशासाठी? तेव्हा तिने सांगितलं. तिचा पाठचा भाऊ मागावर होता. पाळीला जाताना ओढून गेला, हात मंदावला, वाकायला नको तेव्हा वाकला आणि सूत नेणारा धोटा उडून डोळ्यात बसला. पुडी याच खिडकीतून गेली होती. तेव्हा खिडकीत तिचा नवरा बसायचा. नवरा वारल्यावर परवाना तिच्या नावावर झाला आणि त्या दिवसापासून डोकी बघणं सुरू झालं.

माझं मत मी तिच्यापासून लपवलं नव्हतं. माझ्या मामाने चिलमीपायी घरादाराकडे पाठ फिरवली होती. मामी आमच्याकडे येऊन रडायची, ते मी लहानपणापासून बघत होतो. ही सगळी दुकानं बंद व्हावीत, असं मला मनापासून वाटे. मी ते बोलूनही दाखवी.

"करा की बंद," अक्का म्हणे. "मी कुटं न्हाय म्हणते? पर त्येंची डोस्की मग कोण बघंल?"

"बंद झाल्यावर बघायला उरणारच नाही कुणी."

"व्हय? आन् त्यो?" असं म्हणून ती हनुवटीने गल्लीच्या टोकाकडे दाखवी. तिथे चिंचेखाली एक सायकलवाला उभा असे. सायकलच्या दांड्याला पिशवी. त्याच्याकडे परवाना नव्हता. तो परमिट विचारत नसे, वयही विचारत नसे. मी साहेबांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा आमची माणसं पोचेपर्यंत चिंचेखाली फक्त चिंचा होत्या.

आता नरसय्याबद्दल सांगायला हवं. नरसय्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात विणकर होता. घरात तेलुगू, बाहेर मराठी, चेहरा कायम हसरा. अक्काचं जुनं गिऱ्हाईक. त्या दिवशी दुपारी तो खिडकीशी आला. डोकं वाकवलं. केस कापसाने भरलेले होते. अक्काने बोटं फिरवली, कापूस लागला, पुडी दिली. नरसय्या गेला तो सरळ कारखान्यात दुपारच्या पाळीला. तासाभरात त्याचा उजवा हात मागाच्या पट्ट्यात गेला. दोन बोटं तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या कचेरीत आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.

"दवाखान्यात जाऊन आले. त्येनं सांगितलं मला. उशी उसवून कापूस लावला व्हता डोस्क्याला."

"मग फसवलं त्याने तुम्हाला. तुमचा काय दोष?"

"कापूस पांढरा व्हता, सायेब." ती थांबली. "त्येच्या मागावर ह्या आठवड्यात लाल चादर चालू हाय. मला ठावं व्हतं. त्येनंच सांगितलं व्हतं मला, लई चांगला रंग हाय म्हणून. लाल असायला पायजे व्हता. मी बघितलं न्हाय."

मी तिला समजावलं. परमिट बरोबर, वजन बरोबर, माणूस सज्ञान. नियम कुठेच मोडलेला नाही.

"तुमचा न्हाय मोडला," अक्का म्हणाली. "माजा मोडला. लिवा तसं."

कारखानदाराची तक्रार तोवर येऊन पडली होतीच. त्याच्या मागाच्या पट्ट्याला जाळी नव्हती, हे त्याने तक्रारीत लिहिलं नव्हतं. साहेबांनी मला अहवाल करायला सांगितलं. छापील कागद होता, त्यात रकाने होते. मी अक्काचा जबाब जसाच्या तसा उतरवला: आपल्या हातून चूक झाली, असं परवानाधारक स्वतः मान्य करतात. वाक्य खरं होतं. एवढ्या वर्षांत शहरातल्या कुठल्याही नियमाने जे केलं नाही ते ही बाई दोन बोटांनी करत होती, हे मात्र मी लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर दुकान बंद होणार म्हणून मी आतून खूश होतो. मला मामी आठवत होती.

परवाना गेला. फळीवर लाखेचं सील मी स्वतः लावलं. अक्का दारात उभी राहून बघत होती. "नीट लावा," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी काही कामाने त्या बाजूला गेलो तर चिंचेखाली रांग. अक्काची सगळी गिऱ्हाइकं, आणि ज्यांना परमिट कधी मिळालंच नसतं अशी मिसरूड फुटलेली चार तोंडंही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सायकलवाल्याला आता पिशव्या दोन लागत होत्या. पण मी थांबलो ते दुसऱ्याच कारणाने. सायकलच्या शेजारी, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन अक्का उभी होती.

"वाकीव," ती म्हणत होती आणि माणसं वाकत होती.

इतक्या वर्षांची सवय. समोर अक्का दिसली की मान आपोआप खाली जाई. ती बोटं फिरवी आणि "बेड" म्हणे. आंघोळ केलेला माणूस रांगेतून ओशाळून बाहेर पडे. मिसरूडवाल्यांना तर ती कानाला धरून बाहेर काढी. सायकलवाला नुसता चडफडत होता. मला ओळखून तो म्हणाला, "सायेब, ह्या बाईला जरा सांगा की. माझा धंदा बसवला हिनं." बोलून गेल्यावर आपण कुणापुढे तक्रार करतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो सायकल हाणत पळाला.

मी हसलो. अक्का हसली नाही. सायकल ज्या दिशेला गेली तिकडे ती डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"आता कुटं उबा ऱ्हाईल त्यो?" ती म्हणाली. "बघाया पायजे."

आणि ती खरंच बघू लागली. सायकलवाला जागा बदले, अक्का त्याला शोधत जाई. कधी विजापूर वेशीकडे, कधी रेल्वेच्या फाटकापाशी, पाळी भरायच्या आधी, ऐन दुपारी. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, अक्का, तुम्ही आता मोकळ्या आहात, परवाना नाही, जबाबदारी नाही, घरात बसा. तिने मला पाणी दिलं.

"खिडकी व्हती तवा समदी माझ्याकडं येत व्हती," ती म्हणाली. "आता मलाच जावं लागतंय. त्येला खिडकीच न्हाय." मग हळूच म्हणाली, "तुमी कागदावर चांगलं बी लिवलं का वो माझं?"

मी पेला खाली ठेवला. अक्काने नवा अर्ज करून परवाना परत मागावा, मी स्वतः शिफारस लिहीन, असं मी त्या दिवशी ठरवलं. मसुदाही केला. साहेब रजेवर होते. ते आल्यावर देऊ म्हणून तो कागद माझ्या खणात राहिला.

वैशाखात एका दुपारी अक्का फाटकापाशी चक्कर येऊन पडली. ऊन लागलं होतं. तीन दिवसांनी गेली.

मला चौथ्या दिवशी कळलं. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर गेलो. दुकानामागच्या तिच्या घराला कुलूप होतं. नातेवाईक मंद्रूपला गेले होते. खिडकीची फळी तशीच, माझं सील तसंच. गल्लीत पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला आणि मी उगाच आत येरझाऱ्यांचा आवाज होतो का म्हणून कान दिला. आज जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत पेन्शन खात बसलोय, आसपास मैलभर गिरणी नाही, तरी भोंग्याच्या वेळेला मला घरात स्वस्थ बसवत नाही.

थोड्या वेळाने नरसय्या आला. त्याला विणकाम जमत नव्हतं, पण मालकाने त्याच कारखान्यात मागांची झाडलोट करायला ठेवला होता. मला बघून तो थबकला नाही. सरळ खिडकीपाशी गेला. केस, भुवया, कानांच्या पाळ्या, सगळं लाल तंतूंनी भरलेलं. वाटेत कुठे झटकलं नव्हतं.

त्याने डोकं गजांना टेकवलं.

"सुटली पाळी, अक्का," तो म्हणाला. "लाल आहे. बघ."

बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मी त्याच्या मागे रांगेत उभा राहिलो.