गोऱ्या म्हाताऱ्यांचा पडदा

केबल कितीही नीट गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी तिच्यात गाठी सापडतातच. स्टेजमागच्या किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कोणी साठवत नाही.

अबुधाबीतला इंग्रज म्हाताऱ्यांचा एक क्लब दर हिवाळ्यात ‘म्युझिक हॉल’ करतो. महायुद्धात सैनिकांना हसवायला या म्हाताऱ्यांचे आईबाप जी गाणी म्हणायचे, ज्या नकला करायचे, ते सगळं. कलाकार सत्तरीच्या पुढचे. निम्म्यांचे गुडघे त्यांच्यापेक्षा तरुण! शारजाहून लाइट घेऊन मी जातो आणि पडदा ओढायला बबन. तो कुडाळकडचा, इथे वेल्डर. गावी दशावतारात राणीची कामं करायचा.

*

एकदा नकलेतल्या सैनिकांची हेल्मेटं आलीच नाहीत. बबनने साइटवरची पिवळी हेल्मेटं खाकी रंगवून आणली. सैनिकांनी अबाउट टर्न केलं आणि हॉल हसून लोळला. मागची बाजू तशीच पिवळीधमक, वर ‘सेफ्टी फर्स्ट’!

मी भडकलो. बबन शांतपणे म्हणाला, “रंग संपलो. आणि सैनिकान पाठ कित्याक दाखवची?”

*

बॉम्बहल्ल्याच्या सीनला मी भोंगा वाजवला. नवा सिक्युरिटी गार्ड खरंच घाबरून आत धावला. “यल्ला, यल्ला! सब बाहर!”

प्रेक्षकांना वाटलं, हाही नाटकातलाच. उभं राहून टाळ्या!

दुसऱ्या दिवशी गार्ड मला विचारतो, “भाईसाब, आज कितने बजे आना है?”

*

पडद्याआधी बबन विंगेत नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. “बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्यांचो खेळ सुखरूप पार पाड रे म्हाराजा!” मी एकटाच “होय म्हाराजा” म्हणायचो.

सूत्रसंचालक हॅरीसाहेबांनी हे एकदा ऐकलं. पुढच्या वर्षी आम्ही नारळ विसरलो, तर साहेब टेबलावर आपटून खेळ सुरू करायची हातोडी खाली ठेवून बसले. “नो कोकोनट, नो शो!” नारळ आला. मग मागून वीस गोरे एका सुरात, “होय म्हाराजा!”

*

यंदा डोरिसबाईंचा शेवटचा खेळ होता. वय चौऱ्याऐंशी, इथे चाळीस वर्षं काढलेली, पुढच्या आठवड्यात कायमच्या इंग्लंडला मुलाकडे जायच्या होत्या. त्यांची आई युद्धात छावणीछावणीतून जे गाणं म्हणायची, ते बाई दरवर्षी म्हणतात. हल्ली मात्र विसरायला लागल्यात. आधीच बबनला बजावून ठेवलं, “मैं भूल गयी तो एकदम कर्टन गिराना. मेरे ऊपर कोई हसना नहीं मंगता.”

दुसऱ्या कडव्यात बाई थांबल्या. पियानो तीच ओळ परत परत वाजवतोय, बाईंचे ओठ नुसते हलताहेत. हॅरीसाहेब हाताने खुणावताहेत, पडदा, पडदा!

बबनने पडद्याची दोरी ओढलीच नाही; विंगेतून, राणीच्या आवाजात, पुढची ओळ म्हटली. नऊ हिवाळे ऐकून पाठ झालेली, अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही! बाईंनी वळून पाहिलं, ओळ पकडली आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. अख्खा हॉल रडत होता. मीही.

बाई विंगेत आल्या त्या चिडूनच. “बबन! आय सेड कर्टन!”

बबन मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, हमारे गाव के नाटक में पडदा गिरता ही नहीं. जो भूल गया, उसको भी सुबह तक खेलना पडता है.”