मोठे आटे

पक्षाघातातून उठल्यावर आमच्या ह्यांचा उजवा हात थरथरायचा. तरी रोज संध्याकाळी क्लबात पूल खेळायला ते जायचेच, आणि सोबतीला मी. त्यांची क्यू, म्हणजे खेळायची लाकडी काठी, दोन तुकड्यांची होती. मधला पितळी स्क्रू फिरवून ती जोडायची. त्याच्या बारीक आट्यांवर त्यांचा हात पुन्हा पुन्हा घसरायचा. मी मदतीला हात पुढे केला की ते मान फिरवायचे.

शेवटी लेथवर अशा काठ्या घडवणाऱ्या दिनकररावांकडे गेलो. "सांधा बिघडलाय बहुतेक," हे म्हणाले. दिनकररावांनी काठी त्यांनाच जोडायला सांगितली आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आटे झिजलेत साहेब. नवे पाडून देतो."

आठवड्याने काठी मिळाली. सोबत पुडीत जुना स्क्रू होता. त्याचे आटे अजून धारदार होते. झिजलं काहीच नव्हतं. नवे आटे मात्र चांगले मोठे आणि विरळ होते. आधी दहा-बारा वेढे लागायचे, आता तीनच.

समोरच्याला कमीपणा न वाटता मदत करायची, हे इतक्या महिन्यांत मला जमलं नव्हतं. त्या माणसाने ते एवढंसं खोटं बोलून केलं.

त्या संध्याकाळी ह्यांनी काठी स्वतः जोडली. पहिलाच चेंडू भलतीकडे गेला, तरी मोठ्याने हसले. मला म्हणाले, "उद्यापासून तू नाही आलीस तरी चालेल."

त्यांचं कुठलंच बोलणं मला इतकं गोड लागलं नव्हतं.