तात्या ओव्हाळांची सपाट पेटी

तात्यांची नि माझी ओळख भांडणातूनच झाली. पिंपरीच्या कामगार वसाहतीत जयंतीचा कार्यक्रम होता. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवत होतो. ऐन रंगात आलो असताना कंपनीच्या खाकी कपड्यांतले एक गृहस्थ मंचावर चढले आणि त्यांनी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खटका बंद केला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "ओ भाऊ, डोकं फिरलंय का?" मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "राव, तुमचा हात ग्वाड हाय. पण ही स्पीकरची पेटी सुरांत पदरचं घालतीया." ते होते आमच्याच कंपनीच्या, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमधले तात्या ओव्हाळ.

पुढे तात्यांनी माझ्या गिटारसाठी स्वतः पेटी बांधली. खाली मोठा स्पीकर, वर भोंगा. खर्जापासून टिपेपर्यंत सगळं वाजवणारी. पण अशी पेटीही काही सूर फुगवते, काही गिळते. म्हणून त्यांनी सात सरकत्या खुंट्यांचा इक्वलायझर जोडला. मी एकेक सूर सारख्याच जोराने छेडायचो. तात्या सभागृहभर फिरत ऐकायचे आणि उगाच पुढे येणाऱ्या सुराची खुंटी खाली घ्यायचे. प्रेसखालून निघालेल्या पत्र्यावर पट्टी टेकवून ते फुगवटा शोधत, तसंच हे. सगळे सूर सारखे आले की पेटी सपाट. "फुगलंय ते खाली घ्यायचं. खचलंय ते वर वढायचं न्हाई, मशीन कण्हतं," हा त्यांचा नियम.

माझ्या आईला म्हातारपणी कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा तात्या न बोलावता घरी आले. तिच्या उशाशी लहानसा स्पीकर बसवला आणि रेडिओवरच्या बातम्या तिला कळेपर्यंत खुंट्या सरकवत बसले. मी आभार मानायला गेलो तर मलाच दटावलं, "नुसता वरडतोस आईवर. जरा दमानं बोल की!"

त्यांचे स्वतःचे कान मात्र प्रेस शॉपच्या दणदणाटाने खाल्ले. बाकीचे कामगार कानांत कापूस घालत, तात्या घालत नसत. साचा तडकायला लागला की आधी आवाज बदलतो. तो ऐकून त्यांनी एकदा प्रेस थांबवला, म्हणून जोडीदार कदमांची बोटं वाचली. ते कदम आज तात्यांच्या साठीसाठी नेमलेल्या आपल्या गौरव समितीत आहेत.

चाकणच्या कार्यक्रमाबद्दल लिहू नये, असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे. मी लिहिणार.

दुपारी पेटी लावताना तात्यांनी वरच्या सुरांच्या दोन खुंट्या पार वर टोकाला नेल्या. स्वतःचाच नियम मोडून! मला आवाज टोचत होता. पण तात्यांना कोण सांगणार? मी गप्प बसलो. कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले, एक तान्हं मूल किंचाळून रडू लागलं. मागच्या भिंतीपाशी उभे राहून तात्या मला 'झकास' अशी खूण करत होते. मग त्यांना ते कानांवरचे हात दिसले.

"तुला दुपारीच कळलं हुतं?" त्यांनी नंतर विचारलं.

"हो, तात्या."

"मग बोलला का न्हाईस रं?"

पेटी सपाट होती, पण त्यांच्या झिजलेल्या कानांना. आणि मी त्यांना चारचौघांत उघडं पडू दिलं. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले ते गेले. तात्या एवढंच म्हणाले, "आता तू लाव पेटी." घरी येऊन मी ढसाढसा रडलो.

साठीच्या सत्कारात मी भाषण करावं, अशी सूचना होती. सभेतलं बोलणं तात्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहून देतो आहे.

परवा त्यांच्या घरी पेटी लावत होतो. तात्यांनी तिच्या लाकडावर तळहात टेकवून विचारलं, "झाली का सपाट?" चेहऱ्यावर इतकी आशा होती की हो म्हणून टाकावंसं वाटलं. मी त्यांच्यासमोर बसलो, माझे ओठ दिसतील असा, आणि म्हणालो, "नाही तात्या. अजून टोचतंय."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तात्या, गेलं ते गेलं. बाकीचं शरीर धडधाकट राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत तुम्ही आम्हाला लाभा. दर वेळी मला विचारत जा. मी बोलेन.